आठ शेरांचा मुसाफिर

गावाला निघालेल्या माणसाच्या हातावर लोक दही घालतात, फार तर स्टेशनपर्यंत सोबत करतात. हैदराबादला आमच्या चिक्कडपल्लीत गोविंदराव मानवतकर त्याचं सामान तोलत.

त्यांच्या दाराच्या चौकटीला एक लोखंडी आकडा होता आणि त्याला स्प्रिंगचा काटा लटकलेला असे. कापसाच्या कुठल्याशा वखारीतून तो त्यांनी पैदा केला होता. तुम्ही परभणीला मावशीकडे चाललेले असा, नाहीतर गुलबर्ग्याला लग्नाला. त्यांच्या दारावरून जाताना हाक यायचीच. "वसंता, आण इकडं ते बोचकं." काटा आठ शेरांच्या आत थांबला तर पाठीवर थाप मिळे. पुढे सरकला, की गोविंदराव भर रस्त्यात बोचकं सोडून बसत.

"तीन धोतरं? तीन कैको? एक नेसायचं, एक वाळत घालायचं. तिसरं काय गाडीला नेसवतोस?"

आणि मग ठरलेलं वाक्य: "आठ शेरांपर्यंत माणूस मुसाफिर असतो रे. त्याच्या वर हमाल."

मी तेव्हा पंचवीस-सव्वीस वर्षांचा होतो. सरकारी तर्जुम्याच्या खात्यात गोविंदराव वरिष्ठ आणि मी नवशिका. निजामाच्या अमदानीत सगळा कारभार उर्दूत, जुनी दफ्तरं फारसीत. त्यामुळे फारसी जाणणाऱ्या गोविंदरावांना एके काळी मोठा मान होता. माझ्या वेळेपर्यंत फारसी विचारतो कोण? त्यांच्या टेबलावर कागद येत नसत, माणसं येत. कुणाला काशीला जायचंय, कुणाला रामेश्वरला. सगळ्यात स्वस्त कसं जावं, धर्मशाळा कुठली, पाणी कुठलं प्यायचं, हे विचारायला वरचे अधिकारीसुद्धा यायचे. गोविंदराव सल्ला देत आणि शेवटी म्हणत, "पण काशीला काय जाता? तिथं सगळेच जातात."

ते स्वतः जिथे कुणी जात नाही तिथे गेलेले होते. तरुणपणी अर्धपगारी रजा साठवून साठवून त्यांनी इराण पाहिला होता. मुंबईहून आगबोटीच्या डेकवर, बकऱ्या आणि खजुराच्या पोत्यांच्या मध्ये बसून. मस्कतच्या बंदरात उतरले होते. क्वेट्ट्याहून जाहिदान आणि तिथून लॉरीच्या टपावर किरमान असा एक प्रवास तर त्यांनी नान, कांदा आणि मनुका एवढ्यावर केला होता. ब्राह्मणाच्या पोरानं समुद्र ओलांडला म्हणून प्रत्येक वेळी परत आल्यावर त्यांच्या आई त्यांना पंचगव्य पाजत. त्याबद्दल गोविंदरावांची तक्रार नव्हती. "प्रवासाचा शेवटचा टप्पा समजायचं," ते म्हणत. "किरमानच्या सरायीतल्या चहापेक्षा वाईट नव्हतं."

पाय गंजू नयेत म्हणून दर रविवारी ते आठ शेर वजन पाठीवर घेऊन गंडीपेटच्या रस्त्याला लागत. एकदा आम्हा चार कारकुनांना त्यांनी विकाराबादला उतरवून अनंतगिरीच्या डोंगरात नेलं. वाटेत तीनदा मेंढपाळ भेटले. मी म्हटलं, "यांना रस्ता विचारू या का?"

"नक्को! बसलेल्या माणसाला रस्ता विचारू नये. माहीत असता तर तो बसला असता का?"

देवळाच्या ऐवजी आम्ही डोंगराच्या भलत्याच अंगाला, शिंदीच्या बनात निघालो. पायाला फोड, पोटात आग. गोविंदरावांनी तांब्यात खिचडी शिजवली, पळसाच्या पानावर वाढली आणि समाधानानं म्हणाले, "चुकलो नाही आपण. जास्त पाहिलं."

त्यांच्या गोष्टींत एक हरिभाऊ असायचे. त्यातली नेपाळची गोष्ट तर आम्ही दहा वेळा ऐकली असेल. त्या काळी नेपाळात बाहेरच्या माणसाला बंदी. फक्त शिवरात्रीला पशुपतीच्या यात्रेकरूंना सोडत. रक्सौलपर्यंत गाडी, पुढे लॉरी, त्यापुढे डोंगर पायी. वेशीवरच्या शिपायानं गोविंदरावांना नाव, गाव, गोत्र विचारलं. त्यांनी सांगितलं. मग हरिभाऊंची पाळी आली. नाव हरिभाऊ, गाव हैदराबाद. गोत्र? हरिभाऊ म्हणाले, "हैदराबादी."

"मी मधे पडलो," गोविंदराव सांगत. "म्हटलं, भारद्वाज, भारद्वाज! बिचाऱ्याला ऐकू कमी येतं. मग काठमांडूपर्यंत हरिभाऊला बहिरं राहावं लागलं. यात्रेतल्या म्हाताऱ्या त्याच्या कानात ओरडून ओरडून रामनाम सांगायच्या."

आम्ही पोट धरून हसायचो. एकदा मी विचारलं, "हे हरिभाऊ आता कुठे असतात?"

"बाहेरगावी," ते म्हणाले आणि दौत-टाक पुढे ओढून काहीही नसलेल्या कागदावर लिहू लागले.

मग राज्य मोडायची वर्षं आली. हैदराबादचे तीन तुकडे होणार. तेलंगण आंध्रात, कानडी मुलूख म्हैसुरात, मराठवाडा मुंबईत. वर्तमानपत्रात ते नकाशावर रेघा मारण्याइतकं सोपं दिसे. आमच्या खात्यात मात्र माणसांच्या याद्या झाल्या. ज्याची जी भाषा, त्याचं ते राज्य. वीस-वीस वर्षं एका टेबलावर डबा खाल्लेली माणसं एकमेकांना पत्ते लिहून देऊ लागली. आमच्या गल्लीत तर रोज कुणाच्या ना कुणाच्या दारात बैलगाडी उभी. औरंगाबाद, नांदेड, मुंबई.

गोविंदराव प्रत्येक गाडीपाशी जात. काटा घेऊन जात नसत, पण नजरेनं तोलत. पाटा-वरवंटा, देव्हारा, शिंप्याचं मशीन, लोणच्याच्या बरण्या. समोरच्या देशपांडेबाई तुळशीची कुंडी कडेवर घेऊन उभ्या होत्या आणि त्यांचे यजमान म्हणत होते, औरंगाबादला काय तुळशी मिळत नाहीत? बाईंच्या डोळ्यांतून पाणी. मला वाटलं, आता आठ शेरांचं व्याख्यान होणार. गोविंदरावांनी कुंडी खाली ठेवून घेतली, झाड मातीच्या गोळ्यासकट अलगद बाहेर काढलं, स्वतःच्या खांद्यावरचं उपरणं भिजवून त्याभोवती गुंडाळलं. "मांडीवर ठेवा वहिनी. पूर्णेला गाडी थांबली की पाणी मारा. याचं वजन होत नसतं."

सगळे धरून चालले होते, की सगळ्यात आनंदानं जाणार ते गोविंदराव. मानवतला त्यांचं घर, भाऊ, शेत. एकुलती मुलगी परभणीला दिलेली. यादीत त्यांचं नाव मुंबई राज्याकडे आलं, तसं मी त्यांना पेढे मागितले. ते म्हणाले, "मी अर्ज केलाय. मला इथंच राहायचंय."

अर्जाची सुनावणी झाली तेव्हा कागद धरायला मी आत होतो. साहेबांनी विचारलं, "मातृभाषा मराठी?"

"जी."

"गाव मानवत. घरदार तिकडे, मुलगी तिकडे. इथे स्वतःचं घरही नाही, भाड्याचं आहे. मग राहायचं कारण?"

"काम आहे," गोविंदराव म्हणाले.

"कसलं?"

"आहे."

असल्या कारणावर अर्ज मंजूर होत नसतो. तो नामंजूर झाला. महिन्याभरात मुंबईला हजर व्हायचा हुकूम आला आणि दुसऱ्याच दिवशी गोविंदरावांनी मुदतीआधी निवृत्तीचा कागद पुढे केला. पेन्शन निम्म्यावर आली. कचेरीत खळबळ उडाली. माणसाला काम नको असेल तर समजतं. पण फुकट मिळणारा प्रवास हा माणूस नाकारतो?

मग कुजबुज सुरू झाली. गोविंदराव रोज पाच वाजता कचेरीतून घरी येत, पितळी डबा घेत आणि पायी अफझलगंजच्या दिशेनं जात, हे गल्लीला ठाऊक होतं. आता त्याला अर्थ आला. नदीपलीकडे दुसरं बिऱ्हाड असणार. कुणी म्हणालं, इराणहून आणलेली आहे. गल्लीत राहिलेल्या बायकांनी राधाबाईंना, म्हणजे त्यांच्या पत्नींना, आडून विचारलं, "रोज कुठं जातात हो?" राधाबाई गहू निवडत म्हणाल्या, "डबा पोचवायला." यापुढे एक अक्षर नाही.

मुंबईच्या यादीत माझंही नाव होतं. जाण्याआधी गोविंदरावांना चार शब्द सांगावेत म्हणून कचेरीतल्या मंडळींनी मला पाठवलं. मी पोचलो तेव्हा ते चपला घालत होते. मी अडखळत सुरुवात केली, "लोक काय काय बोलताहेत..."

"मालूम आहे. चल माझ्याबरोबर."

आम्ही आबिड्सवरून, अफझलगंजच्या गर्दीतून, नयापूल ओलांडून गेलो. पुलापलीकडे डावीकडे वळून दारुलशिफाच्या मागच्या एका गल्लीत ते एका दाराशी थांबले. कडी वाजवली नाही. दार ढकललं आणि खाकरले.

आत तख्तावर एक म्हातारी बसली होती. पांढरी ओढणी, मोतीबिंदूनं दुधाळ झालेले डोळे, आणि देह इतका हलका, की गादीला खळगाही पडला नव्हता.

"गोविंद? आज देर कर दिये."

"चलते चलते आया अम्मा. ये वसंत है, मेरे दफ्तर का."

डब्यात मुगाची पातळ खिचडी होती, मिरची न घातलेली. त्यांनी ती बशीत ओतली, फुंकर घालून निववली, चमचा तिच्या हातात दिला. ती दोन घास खाऊन म्हणाली, "दुल्हन कु बोलो, नमक आज बराबर है." मग माझ्याकडे, म्हणजे मी असेन अशा दिशेकडे, तोंड करून म्हणाली, "तुम इसकी बातां सुनते क्या? मेरे हबीब कु इसने नेपाल में हरिभाऊ बनाया. बहरा बनाके ले गया शैतान! मैं बोली, अरे, घर आके भी नहीं सुन रा मेरा बच्चा." आणि ती खुदखुदून हसली.

गोविंदराव बशीकडे बघत होते.

थोड्या वेळानं तिनं विचारलं, "मरहट्टे लोगां सब जा रहे बोल के सुनी मैं. तुम भी जा रहे क्या?"

"मैं कां जातूं अम्मा. मेरा तो इदरीच काम है."

परतताना पुलाच्या कठड्याशी ते थांबले. खाली मुशीच्या पात्रात धोब्यांनी चादरी वाळत घातल्या होत्या. तिथे उभं राहून त्यांनी मला सांगितलं. हबीब आणि ते फारसीच्या वर्गात एका बाकावर. प्रत्येक प्रवास दोघांनी मिळून केलेला. पशुपतीला हबीब आत गेला तेव्हा गोविंदरावांचा जीव टांगणीला लागलेला. मशहदच्या दर्ग्यात हबीब गेला तेव्हा गोविंदराव बाहेर चपला सांभाळत बसलेले. किरमानच्या बर्फात एक कांबळं दोघांत. पोलीस कारवाईनंतर हबीबची नोकरी गेली, मेव्हण्यानं कराचीला बोलावलं. बायको-मुलांना घेऊन जायचं होतं, आई हलायला तयार नव्हती.

"माझ्याकडे आला. म्हणाला, काय करू? मी म्हटलं, तू हो पुढे. सहा महिन्यांनी अम्माला न्यायला ये. तोवर मी बघतो."

मी मनात वर्षं मोजली. सात होत होती.

"मग परवाने आले. मग पासपोर्ट आला, व्हिसा आला. त्यानं तिकडून अर्ज केले, मी इकडून केले. वरून विचारलं, सरकारी नोकर, तुमचं तिथे काय काम? मलाही नाही मिळालं." ते कोरडं हसले. "जाहिदानच्या नाक्यावर आम्हाला कुणी अडवलं नाही रे वसंता. वाळवंटात आम्ही एका उंटवाल्याच्या भरवशावर गेलो. आणि कराची! मुंबईहून दोन दिवसांची आगबोट."

मी म्हटलं, "पण तुम्ही मुंबईला गेलात तर अम्मांना... कुणी शेजारी..."

"मी 'बघतो' म्हटलं होतं. 'कुणाला तरी बघायला सांगतो' असं म्हटलं नव्हतं."

घरी आलो तर राधाबाई दारात होत्या. मी काही न बोलताच त्यांना कळलं असावं. मला पाणी देताना त्या म्हणाल्या, "मला म्हणाले होते, तू जा मानवतला, लेकीजवळ राहा. मी म्हटलं, मग तुम्हाला जेवायला कोण घालणार, आणि त्यांना?" त्यांनी 'त्यांना' म्हणताना नदीच्या दिशेला मान हलवली. त्या घरात त्या कधी गेल्या नव्हत्या. अम्मांचे दात किती उरलेत हे मात्र त्यांना ठाऊक होतं.

आठवड्यानं मी मुंबईला गेलो. नव्या राज्यात, नव्या कचेरीत रमलो असं म्हणतात तसं रमलो. गोविंदरावांची पत्रं येत. त्यात सिंहगडाला कुठल्या वाटेनं जावं, अलिबागला बोटीनं जाताना कुठं बसलं की लागत नाही, असलं सगळं असे. स्वतःबद्दल ओळ नसे. तिसऱ्या हिवाळ्यात पत्र आलं त्यात एवढंच होतं: "अम्मा गेल्या. सवड झाल्यास येऊन जा. एक काम आहे."

मी रजा काढून गेलो. नामपल्लीला गाडी सकाळी पोचली आणि प्लॅटफॉर्मवर गोविंदराव उभे. वाळले होते, काठी आली होती. चहा पिता पिता त्यांनी सांगितलं. हबीबला तार केली होती. कागद व्हायला महिने लागतात, मय्यत थांबत नाही. कबरीपाशी मौलवीसाहेबांनी विचारलं, वारिस कोण? गल्लीतली माणसं एकमेकांकडे बघत राहिली आणि मग सगळी गोविंदरावांकडे बघू लागली.

"मी मागे उभा होतो. मौलवीसाब म्हणाले, पहले तुम. तीन मुठी माती." त्यांनी आपला तळहात उघडून बघितला. "मला मंत्र ठाऊक नव्हता. शेजारचा म्हणत गेला, मी ओठ हलवले."

मी म्हणालो, "आता तिकडे या. मानवतला जा, माझ्याकडे या. आता इथे काय राहिलं?"

त्यांनी कोटाच्या खिशातून एक घडी केलेला कागद काढून माझ्या हाती दिला. उर्दूत, त्यांच्या मोत्यासारख्या अक्षरात दोन्ही बाजूंनी भरलेला.

"हे ते काम. तू तीन वर्षांनी आला आहेस, नवखा आहेस. हा कागद वाच आणि त्याप्रमाणे चालत राहा. मी बोलणार नाही. कुठे चुकतोस ते बघायचंय."

मी वाचलं. 'नामपल्ली स्टेशनातून बाहेर पड. टांगेवाले अंगावर येतील, नको म्हण. आबिड्सपर्यंत पायी वीस मिनिटं, सकाळी ऊन तोंडावर येऊ नये म्हणून उजव्या बाजूनं चाल.' मी चालू लागलो. मागून काठीचा आवाज येत होता. 'पोस्टाच्या पुढच्या कोपऱ्यावर इराण्याचं हॉटेल आहे. चहा घे. आपल्या वेळचा मालक नाही, त्याचा मुलगा आहे, नाव सांगितलंस तर ओळखेल.' कागद प्रत्येक वळणाला थांबत होता. अफझलगंजला कुठल्या पाणपोईचं पाणी प्यावं, नयापुलावर कुठल्या बाजूला सावली असते, दारुलशिफाच्या गल्लीत जुन्या घरापुढून जाताना काय करावं. तिथे लिहिलं होतं: 'आता दुसरे लोक राहतात. भले आहेत. आत जायचं असेल तर त्यांना सांगून ठेवलं आहे. नसेल जायचं तर थांबू नकोस, सरळ पुढे ये.'

मीर आलम मंडीच्या पुढे मी चुकलो. कागदावर होतं, 'चिंचेपाशी डावीकडे वळ.' मला चिंच दिसली नाही, सरळ गेलो. मागचा काठीचा आवाज थांबला. वळून पाहिलं तर गोविंदराव एका बुंध्यापाशी उभे होते. झाड कुणी तरी तोडून नेलं होतं.

"गेल्या महिन्यात होतं," ते म्हणाले. त्यांनी माझ्या हातातून कागद घेतला, भिंतीला टेकवून चिंच खोडली आणि तिथे बारीक अक्षरात लोहाराचं दुकान लिहिलं.

"हबीबसाहेबांना नुसता पत्ता पाठवला असता तरी चाललं असतं," मी म्हणालो. "ते काय, विचारत विचारत आले असते. नाहीतर तुम्ही आहातच स्टेशनवर."

"माझं वय काय आता? तो कधी येणार, पाच वर्षांनी, दहा वर्षांनी. मी असेनच असं नाही. आणि हबीब विचारणार नाही कुणाला. स्वतःच्या गावात रस्ता विचारायचा म्हणजे..." वाक्य त्यांनी अर्धंच सोडलं.

डावीकडे वळून दोन गल्ल्यांपुढे कबरस्तान होतं. कडुनिंबाखाली अजून न बसलेला मातीचा उंचवटा, कडेनं पांढरे दगड. कागदाची शेवटची ओळ मी उभ्या उभ्या वाचली. 'पोचलास. उशाकडे सपाट दगड ठेवला आहे, त्यावर बस. घाई करू नकोस.'

मी त्या दगडावर बसलो नाही. गोविंदरावही बसले नाहीत. आम्ही दोघं जरा बाजूला, कुंपणाशी, जमिनीवर बसलो.

मी विचारलं, "एवढं सगळं लिहायची गरज होती का? इराण, नेपाळ फिरलेला माणूस तो."

"फिरला. पण रस्ता मी बघायचो," गोविंदराव म्हणाले. "तो माझ्या मागून चालायचा आणि बोलत राहायचा. एकदाही डोकं वर करून बघितलं नाही त्यानं, आपण कुठं चाललोय ते."